तबकडीवरचा तलफ्फुज

मी उर्दू आणि मराठी शिकवते. संगीताची पदवी माझ्याकडे नाही, व्हायोलिन कधी हातात धरलेले नाही. तरीही गेली काही वर्षे रात्री वह्या तपासून झाल्या की मी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युरोपीय वाद्यवृंदांच्या तबकड्या ऐकते. म्हणजे त्यांच्या डिजिटल प्रती, मोबाइलवर. घरात याबद्दल मतभेद आहेत. ‘पत्र्यावर पाऊस पडतोय आणि आत कुणीतरी बँड वाजवतंय’ असे वर्णन आमच्याकडे झाले आहे, आणि ते अगदीच चुकीचे नाही. पण त्या खरखरीतून जे ऐकू येते ते भाषा शिकवणाऱ्याने तरी एकदा ऐकावे, असे माझे ठाम मत आहे.

बर्लिन, १० नोव्हेंबर १९१३. बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक दाटीवाटीने बसलेत, त्यांच्यासमोर संचालक आर्थर निकिश, आणि सगळ्यांचा आवाज गिळायला पत्र्याचा कर्णा. वाजवायची आहे बेथोव्हेनची पाचवी सिंफनी. हे ध्वनिमुद्रण चार तबकड्यांवर, म्हणजे आठ बाजूंवर निघाले. एका बाजूवर साधारण चार मिनिटे मावत, म्हणून दर चार मिनिटांनी संगीत तोडायचे, मेणाची नवी चकती लावायची आणि पुढे सुरू करायचे. मायक्रोफोन नाही. हवेच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा, त्याला जोडलेली सुई मेणात रेघ कोरायची. पूर्ण सिंफनीच्या पहिल्या काही ध्वनिमुद्रणांत याची गणना होते. त्याआधी सिंफनी म्हटले की तुकडेच मिळत.

या यंत्रासाठी वादकांना काय काय करावे लागे ते वाचले की हसू येते आणि कौतुकही वाटते. व्हायोलिनचा नाजूक आवाज मेणापर्यंत पोचत नसे, म्हणून श्ट्रो व्हायोलिन नावाचा प्रकार पुष्कळ ठिकाणी वापरत. त्याला लाकडी पोट नाही, त्याऐवजी पडदा आणि धातूचा छोटा कर्णा. डबल बासचा खर्ज नीट उमटत नसे, म्हणून त्याच्या ओळी ट्युबाला देत. फ्रेंच हॉर्नचे तोंड वादकाच्या मागच्या बाजूला असते, म्हणून हॉर्नवाले यंत्राकडे पाठ करून बसत आणि संचालकाचे हात आरशात बघत. आणि काटछाट तर विचारू नका. एल्गर या इंग्रज संगीतकाराचा व्हायोलिन कॉन्चेर्टो पाऊण तासाहून मोठा आहे. १९१६ मध्ये त्याने स्वतःच तो चार बाजूंत, म्हणजे सोळा-सतरा मिनिटांत बसवला. आपल्याकडे तासाभराचा राग तीन मिनिटांत गाणाऱ्या उस्तादांची जी ओढाताण झाली, ती त्या संगीतकारांचीही झाली.

मग असे अर्धवट, काटलेले, खर्ज हरवलेले संगीत आज का ऐकायचे? नवी, स्वच्छ ध्वनिमुद्रणे ढिगाने पडलेली असताना?

याचे उत्तर मला वर्गात सापडले. पाचवीच्या मुलांना उर्दू शिकवताना मी फळ्यावर तीन अक्षरे लिहिते : मीम, लाम, काफ. यातून ‘मुल्क’ होतो, म्हणजे देश. ‘मलिक’ होतो, म्हणजे राजा. ‘मलक’ म्हणजे फरिश्ता आणि ‘मिल्क’ म्हणजे मालमत्ता. अक्षरे तीच. जेर, जबर, पेश ही ऱ्हस्व स्वरांची चिन्हे आहेत, पण रोजच्या लिखाणात ती कुणी घालत नाही. मुले विचारतात, “आपा, मग ओळखायचं कसं?” ओळखायचे ऐकून. घरात, वर्गात, मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले असते म्हणून डोळ्यांना ते न लिहिलेलेही दिसते. मराठी लिपीला आपण परिपूर्ण समजतो, पण ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च एकच आहे का? लिहितो एकच, बोलतो दोन. परक्या माणसाला नुसते पुस्तक देऊन मराठी शिकवले तर तो सगळी चाके चुकीची फिरवील.

पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी अशीच आहे. कोणता स्वर, किती वेळ, हळू की जोरात, हे सारे ती सांगते. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचे कसे, कुठे थोडे रेंगाळायचे, कुठे घाई करायची, यातले बरेचसे ती त्या काळच्या माणसांच्या कानावर सोडून देते. आणि तो कान आता राहिलेला नाही. राहिल्या आहेत फक्त या तबकड्या. जेर-जबर-पेश तिथे आहेत.

सर्वांत आधी कानाला जाणवते ती मींड. तिकडे तिला पोर्तामेंतो म्हणतात. निकिशच्या तबकडीत संथ भाग ऐका, व्हायोलिने एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाहीत, बोट तारेवरून घसरत जाते आणि ती घसरण ऐकू येते. सगळे वादक एकदम, एकसारखे घसरतात असेही नाही. प्रत्येकाचे थोडे मागेपुढे. आजच्या वाद्यवृंदात हे चालत नाही. बोट सरकलेले कळता कामा नये असेच आज शिकवले जाते. जुन्या ध्वनिमुद्रणांतली घसरण ऐकून तिकडचे चांगले जाणकारही हसतात, तिला बटबटीत, रडकी म्हणतात. आपल्याला मात्र हे हसण्यासारखे वाटायचे कारण नाही. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब तबकडीवर गातात तेव्हा स्वरांमधली जागा रिकामी सोडत नाहीत, म्हणून त्यांना कुणी अशुद्ध म्हटले का?

दुसरी गोष्ट लयीची. निकिश पाचव्या सिंफनीच्या पहिल्याच भागात लय ताणतो, सोडतो. ते प्रसिद्ध चार ठोके कडक, आणि दुसरी कोमल चाल आली की हात सैल. आजच्या बऱ्याच वादनांत लय रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते आणि त्यालाच मूळ लिखाणाशी इमान राखणे म्हणतात. हा निकिश कोण होता? १८७२ मध्ये वाग्नरने बायरॉइटला बेथोव्हेनची नववी सिंफनी वाजवली तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा व्हायोलिन घेऊन त्या वाद्यवृंदात बसला होता. ब्रुकनरची सातवी सिंफनी १८८४ मध्ये लोकांपुढे पहिल्यांदा आली ती याच्याच हाताखाली. म्हणजे १९व्या शतकातले संगीत त्याने कागदावर नंतर वाचले, आधी ऐकले.

इथे कुणी रास्त शंका काढील. चार मिनिटांची बाजू संपत आली की माणूस घाई करणारच. निम्मेच वादक बसवले तर आवाज वेगळा होणारच. मग यंत्राची लाचारी कोणती आणि माणसाची सवय कोणती, हे ठरवायचे कसे?

साक्षीदार तपासताना जसे करतात तसेच. यंत्राने काय मागितले असेल ते आधी वजा करायचे. खर्ज नाही, हे यंत्रामुळे. काटछाट यंत्रामुळे. वेगावरही लगेच विश्वास ठेवायचा नाही. पण ‘घसरत वाजव’ असे त्या कर्ण्याने कुणाला सांगितले नव्हते. आणि १९२५ मध्ये विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला, श्ट्रो व्हायोलिन अडगळीत गेले, पूर्ण वाद्यवृंद मोठ्या सभागृहात बसू लागला. लाचारी संपली. १९२६ मध्ये एल्गरने स्वतः आपली ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ वाजवून घेतली. त्यातले ‘निमरॉड’ ऐका. घसरण आहे, भरपूर आहे, आणि काठी खुद्द संगीतकाराच्या हातात आहे. हाच ‘निमरॉड’ आज इंग्लंडमध्ये शोकसभांना वाजवतात, लांबवत लांबवत. एल्गर तो तीन मिनिटांच्या आत उरकतो.

माहलरच्या पाचव्या सिंफनीतल्या आदाजिएत्तोची गोष्ट याहून बोलकी आहे. नुसत्या तंतुवाद्यांचा आणि हार्पचा हा संथ भाग. विलेम मेंगेलबर्ग हा ॲमस्टरडॅमचा संचालक माहलरचा दोस्त, त्याच्या सिंफनी त्याच्याच देखत बसवणारा. १९२६ च्या त्याच्या तबकडीत हा भाग सुमारे सात मिनिटांत होतो. दोन बाजूंवर आठ-नऊ मिनिटे मावली असती, म्हणजे घाई यंत्राने करायला लावलेली नाही. माहलरचाच शागीर्द ब्रूनो वाल्टर याने १९३८ मध्ये व्हिएन्नात हा भाग मुद्रित केला, तो आठ मिनिटांच्या आसपास. आज दहा मिनिटे साधी गोष्ट आहे, बाराही होतात. १९७१ च्या ‘डेथ इन व्हेनिस’ या चित्रपटाने त्याला मरणाशी जोडले आणि तेव्हापासून तो पुष्कळांच्या मनात मातीचे संगीत होऊन बसला आहे. मेंगेलबर्गने आपल्या प्रतीवर लिहून ठेवले होते की हे माहलरचे आल्मासाठीचे प्रेमपत्र आहे. तबकडी ऐकली की पटते. प्रेमपत्र कुणी बारा मिनिटे रडत वाचत नाही.

एवढे वाचून कुणाला वाटेल की मी ‘जुने ते सोने’ गटातली आहे. नाही. जुन्या तबकड्यांत वादक एकत्र सुरू होत नाहीत, एकत्र संपत नाहीत, वाऱ्याची वाद्ये बेसूर होतात, आणि आजच्या मध्यम दर्जाच्या वाद्यवृंदालाही या चुका शोभणार नाहीत. निकिशने केले तेच खरे, असा नवा फतवा मला काढायचा नाही. मुद्दा असा की ज्याला आज ‘मूळ लिखाणाप्रमाणे’ म्हणतात तोसुद्धा एक उच्चार आहे, आणि तो त्या संगीतापेक्षा वयाने लहान आहे.

ऑपेरातले एक उदाहरण मला फार आवडते. ५ फेब्रुवारी १८८७, मिलानचे ला स्काला, व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’चा पहिला प्रयोग. ओतेल्लोच्या भूमिकेत फ्रान्चेस्को तामान्यो. भूमिका व्हेर्दीने बसवून घेतलेली, आणि शेवटच्या प्रवेशातले हळुवार गाणे याला जमेल का, ही काळजीही त्याने पत्रांतून व्यक्त केलेली. खाली वाद्यवृंदात चेलो वाजवत होता एकोणीस वर्षांचा आर्तूरो तोस्कानिनी. पुढे १९०३ मध्ये, व्हेर्दी जाऊन दोन वर्षे झाल्यावर, तामान्योने पियानोच्या साथीवर ओतेल्लोची गाणी तबकडीवर गायली. लिहिलेल्या मात्रा तो खुशाल ताणतो, मरणाच्या प्रवेशात तर गाणे आणि बोलणे यांमधली रेघच पुसतो. आणि तो चेलोवादक पोरगा मोठा होऊन ‘लिहिले आहे तसेच वाजवा’ या मताचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता झाला. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओवर त्याने पूर्ण ‘ओतेल्लो’ सादर केला, तेही ध्वनिमुद्रण आहे. कडक, झपाट्याचे, जबरदस्त. एका रात्रीचे, एका सभागृहातले दोन साक्षीदार, आणि दोघांचे म्हणणे जुळत नाही. कोण खोटे बोलतो? माझ्या मते कुणीच नाही. त्या रात्री व्हेर्दीला दोन्ही हवे होते, असेही असू शकते. पण आपल्या हातात फक्त छापील संहिता आणि तोस्कानिनी असता, तर तामान्यो कसा गायला हे कुणालाच कळले नसते आणि तसे गाणाऱ्याला आज नापास केले असते.

नापास शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या शाळेतल्या एका मुलीने आंतरशालेय स्पर्धेत मराठी कविता म्हटली. तिचे घर कोकणी मुसलमानांचे, आजी अजून कोकणीच बोलते. मुलीने कविता समजून, जीव ओतून म्हटली. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता, ‘उच्चार अशुद्ध’. दोन महिन्यांनी तीच मुलगी उर्दूच्या स्पर्धेत गेली. तिथले परीक्षक वेगळे, शेरा तोच : तलफ्फुज दुरुस्त नाही. घशातला ख आणि साधा ख यांत तिचा गोंधळ झाला होता. मी या दोन्ही भाषा शिकवते, प्रमाण उच्चारही शिकवते, कारण मुलांना मुलाखती द्यायच्या आहेत, नोकऱ्या करायच्या आहेत. ण कुठे, न कुठे हे मी घटवून घेते. पण प्रमाण म्हणजे शुद्ध आणि बाकीचे मळलेले, हे मात्र मी वर्गात म्हणू देत नाही. तिची आजी बोलते ती बोली पुस्तकातल्या मराठीचा बिघडलेला अवतार नाही. प्रमाण मराठी ठरवायला माणसे बसली त्याआधीपासून ती किनाऱ्यावर बोलली जाते आहे. शाळेने आजीची भाषा पुसली की पुढच्या पिढीला ती कधी होती हेही कळणार नाही, कारण ती फारशी कुणी लिहिली नाही, आणि तिच्या तबकड्याही निघाल्या नाहीत.

तबकड्या कोणाच्या निघाल्या, हाही एक योगायोगच आहे. फ्रेड गैसबर्ग नावाचा अमेरिकन तरुण ग्रामोफोन कंपनीसाठी यंत्र घेऊन जगभर हिंडायचा. एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या एका हॉटेलात त्याने एन्रिको कारुसोची दहा गाणी मेणावर उतरवली, शंभर पौंड देऊन. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो कलकत्त्याला पोचला आणि त्याने गौहर जानला मुद्रित केले. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापायच्या, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून ती गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगते. एकच माणूस, एकच यंत्र, तेच मेण. गौहर जानला आपण वारसा म्हणून हळुवार हाताने जपतो आणि निकिशच्या व्हायोलिनांना मात्र ‘जुनाट’ म्हणतो, हे बरे नव्हे.

खरखर पुसण्याबद्दलही एक तक्रार आहे. आता संगणकावर जुनी ध्वनिमुद्रणे इतकी धुतात की आवाज साबणाच्या पाण्यातून आल्यासारखा येतो. खरखर जाते, आणि तिच्याबरोबर गजाचा तारेवरचा स्पर्शही जातो. तीच तबकडी दोन-तीन ठिकाणी मिळत असेल तर जिच्यात जास्त खरखर आहे ती निवडा. पाच मिनिटांत कान सरावतो. पैसे लागत नाहीत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, अमेरिकेतही १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे २०२२ च्या १ जानेवारीपासून सर्वांसाठी खुली झाली आहेत.

धुण्यापेक्षा वाईट गोष्टीही झाल्या. १६ जानेवारी १९३८ ला व्हिएन्नात ब्रूनो वाल्टरने माहलरची नववी सिंफनी वाजवली आणि ती प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित झाली. या सिंफनीचे हे पहिले ध्वनिमुद्रण. यंत्रावर देखरेख गैसबर्गचीच, आता तो पासष्ट वर्षांचा होता. पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर अर्नोल्ड रोझे, माहलरचा मेहुणा, १८८१ पासून या वाद्यवृंदाचा अग्रवादक. चौऱ्याहत्तर पूर्ण झालेला म्हातारा, गजाखाली अजून तोच जुना, सरळ, जवळजवळ न थरथरणारा स्वर. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. वाल्टर ज्यू, तो तेव्हा देशाबाहेर होता, परतला नाही. वाद्यवृंदातल्या ज्यू वादकांना काढून टाकले. काही पळाले, काही छळछावण्यांत मेले. रोझे लंडनला पोचला आणि १९४६ मध्ये तिथेच वारला. वाजवायची एक पद्धत फॅशन बदलली म्हणूनच संपते असे नाही, ती ज्यांच्या बोटांत आहे त्या माणसांना हाकलले तरी संपते. नववी सिंफनी ऐकताना श्रोत्यांचे खोकणे ऐकू येते. त्या खोकणाऱ्यांपैकी मार्चमध्ये कोण कुठे होते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

रोझेची मुलगी आल्मा, तीही व्हायोलिनवादक. तिला आउशवित्झला नेले. तिथल्या कैदी बायकांच्या वाद्यवृंदाची ती संचालक होती आणि एप्रिल १९४४ मध्ये तिथेच तिचा मृत्यू झाला. त्याआधी, चांगल्या दिवसांत, बापलेकीने बाखचा दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो एकत्र मुद्रित केला होता. सहज सापडतो. त्यातला मधला संथ भाग ऐका, कोणते व्हायोलिन बापाचे आणि कोणते मुलीचे हे मला अजून ओळखता येत नाही.